चंद्र, मूनकेक आणि सहा फासे: चिनी मध्य-शरद सणाची घरगुती मैफल

चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या रात्रीला ‘चोंगछिऊ’ म्हणतात. चोंगछिऊ म्हणजे शरद ऋतूचा मध्य. नववर्षाखालोखाल चीनमध्ये माणसं घराकडे धाव घेतात ती या सणाला, आणि २००८ पासून तिथे या दिवशी सार्वजनिक सुट्टीही असते. सण सगळीकडे एकच असला तरी तो साजरा करायच्या रीती प्रांतागणिक बदलतात. इथे फुजियान प्रांतातल्या शियामेन या बंदराच्या शहराची रीत दिली आहे. घरी आठ-दहा माणसं बोलवायची असतील तर तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. जेवण साधं असतं, गोड पदार्थ, म्हणजे सारण भरून भाजलेला मूनकेक, तीन दिवस आधीच तयार असतो आणि उरलेला वेळ ‘बोबिंग’ नावाच्या फाशांच्या खेळात रंगतो.

सगळं ऐन दिवशी करायला घेणं ही नवख्या यजमानाची पहिली चूक असते. मूनकेक त्या दिवशी भाजलेला चालतच नाही, तो कडक लागतो. खेळाची बक्षिसं त्या दिवशी आणायला गेलात तर ६३ वस्तू जमवताना नाकी नऊ येतात. त्यामुळे तयारी तारखेपासून उलटी मोजत यायची.

तारीख ठरवताना

२०२६ मध्ये हा सण शुक्रवारी, २५ सप्टेंबरला आहे. महाराष्ट्रात त्याच दिवशी अनंत चतुर्दशी आहे, तेव्हा विसर्जनाच्या गर्दीत कोणाला घरी बोलावणं शक्य नाही. मैफल शनिवारी, २६ तारखेला ठेवा. ही तडजोड वाटेल, पण तशी ती नाही. ‘पंधराव्याचा चंद्र सोळाव्याला गोल’ अशी चिनी म्हणच आहे, आणि या वर्षी ती अक्षरशः खरी आहे. भारतीय वेळेनुसार चंद्र पूर्ण होतो तो २६ तारखेच्या रात्री सव्वादहाच्या सुमारास. २७ पासून पितृपक्ष लागतो, त्यामुळे ज्यांच्या घरी तो पाळतात त्यांनी आणखी पुढे ढकलू नये.

२०२७ मध्ये सण १५ सप्टेंबरला येतो. २०२५ मध्ये तो ६ ऑक्टोबरला, नेमका कोजागरीच्या रात्री आला होता. आपल्या आणि चिनी, दोन्ही पंचांगांत अधिक महिना असतो, पण तो वेगवेगळ्या वेळी पडतो. म्हणून हा सण कधी आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येतो, तर कधी आश्विनातल्या.

पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, पण शहरात तो इमारतींच्या वर यायला तासभर लागतो. गच्चीवर किंवा बाल्कनीत पूर्व दिशा मोकळी आहे का, ते दोन दिवस आधी संध्याकाळी उभं राहून बघा. सप्टेंबरात आपल्याकडे ढग असतातच. चीनमध्येही असतात, आणि आठव्या महिन्यात चंद्र ढगाआड गेला तर पहिल्या महिन्यातल्या कंदिलांच्या सणाला बर्फ पडणार, असं तिथे म्हणतात. चंद्र दिसला नाही म्हणून बेत मोडत नाहीत. टेबल आत घ्यायचं आणि खिडकी उघडी ठेवायची.

पाक आधी, केक नंतर

मूनकेकचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत ओळखीचा तो दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांताच्या पद्धतीचा, म्हणजे तपकिरी, चकचकीत आणि वर नक्षी असलेला. त्याची पारी साखरेच्या पाकात मळतात. हा पाक साधा चालत नाही, लिंबाच्या आम्लाने फोडलेलाच लागतो. आम्लामुळे साखरेचे दोन साध्या साखरांमध्ये विघटन होते. असा पाक पुन्हा खडीसाखरेसारखा गोठत नाही आणि पारी मऊ ठेवतो.

साखर ४०० ग्रॅम, पाणी २०० ग्रॅम आणि लिंबाचा गाळलेला रस ५० ग्रॅम जाड बुडाच्या पातेल्यात घ्या. साखर विरघळेपर्यंत ढवळा. उकळी फुटली की चमचा बाहेर काढा आणि पुन्हा आत घालू नका, कारण ढवळलं की कडेला साखरेचे कण धरतात आणि तेच सगळा पाक बिघडवतात. कडेवर शिंतोडे सुकत असतील तर ओल्या ब्रशने खाली ढकला. मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं ठेवा. थर्मामीटर असेल तर ११० ते ११२ अंश सेल्सिअसला गॅस बंद करा. नसेल तर गार पाण्यात थेंब टाकून बघा, तो न पसरता मऊ मण्यासारखा तळाशी बसला पाहिजे. रंग कोऱ्या चहासारखा हवा. गरम असताना पाक पातळच दिसतो आणि गार झाल्यावर मधापेक्षा किंचित सैल होतो. जास्त आटवला तर बरणीतून निघत नाही. तसं झालं तर दोन-तीन चमचे उकळतं पाणी घालून पुन्हा एक उकळी काढा.

हा पाक निदान पंधरा दिवस मुरू द्यायचा. २६ तारखेची मैफल असेल तर केक २३ ला भाजायचे, म्हणून पाक ८ सप्टेंबरच्या आत, म्हणजे गणपती यायच्या आधीच, करून ठेवा. उरलेला पाक कोरड्या बरणीत वर्षभर टिकतो, पुढच्या वर्षी तो अधिकच चांगला लागतो. वेळ गेली असेल तर तयार गोल्डन सिरप आणा. मधही चालतो, पण मधाची पारी फार लवकर काळी पडते, त्यामुळे भट्टीचं तापमान १० अंशांनी कमी ठेवावं लागतं.

सारण

क्वांगतुंगमधलं नावाजलेलं सारण कमळाच्या बियांचं. इथे एक घोटाळा हमखास होतो. दुकानदार ‘लोटस सीड’ म्हणून मखाणे देतात. मखाणा ही वेगळ्या पाणवनस्पतीची फुलवलेली बी असते, तिचं वाटण चिकट होतं, मुलायम होत नाही. पूजेच्या दुकानातला काळा कमळगट्टा ही खरी कमळबी, पण तिचं कवच दगडासारखं कठीण आणि आतला हिरवा कोंब कडू असतो. सोललेली पांढरी कमळबी मिळाली तरच त्या वाटेला जा.

पहिल्या वेळी मुगाच्या डाळीचं सारण करा. ही पळवाट नाही, मुगाचं सारण हे फुजियानच्या दक्षिण भागातलं अगदी घरचं सारण आहे. शियामेनमधल्या नानफुथुओ या बौद्ध मंदिराचे शाकाहारी केक प्रसिद्ध आहेत, तेही मुगाचेच. आणि ज्याला पुरण जमतं त्याला हे जमतंच.

पिवळी मूगडाळ २५० ग्रॅम घ्या, चार तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा आणि ४० मिनिटं वाफवा. कुकरमध्ये पाण्यात शिजवू नका. डाळ पाणी धरते आणि मग ते आटवण्यात तास जातो. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. कढईत हे वाटण, १५० ग्रॅम साखर आणि ८० ग्रॅम तेल घ्या. तेल तीन हप्त्यांत घाला. एकदम ओतलं तर ते वर तरंगत राहतं. मध्यम आचेवर परतत राहा. पुरणात झारा उभा राहिला की आपण थांबतो, इथे त्याच्याही पुढे जायचं. गोळा कढईच्या बाजू सोडून एकत्र फिरला पाहिजे आणि गार झाल्यावर बोटाला चिकटता कामा नये. हाताला लागणारा हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पुढे केक फुटतो किंवा फुगतो तो बहुतेक वेळा ओल्या सारणामुळे. एवढ्यात ६०० ग्रॅमच्या आसपास सारण होतं. त्याचे ३० ग्रॅमचे २० गोळे करा. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, वजनकाटा वापरा.

चीनमध्ये सारणाच्या पोटात खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलकही ठेवतात, तो पौर्णिमेचा चंद्र. तो घालायचा असेल तर गोळ्याचं एकूण वजन बलकासकट ३० ग्रॅमच ठेवा.

पारी, साचा, भट्टी

२० केकसाठी मैदा २०० ग्रॅम, पाक १५० ग्रॅम, शेंगदाण्याचं तेल ५० ग्रॅम आणि क्षाराचं पाणी ४ ग्रॅम. शेंगदाण्याचं तेल हीच तिथली परंपरा आहे, फक्त उग्र वासाचं घाण्याचं तेल टाळा.

क्षाराचं पाणी म्हणजे सोडियम किंवा पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण. ते पाकातलं आम्ल मारतं आणि पारीला तो विशिष्ट लालसर तपकिरी रंग देतं. घरी करायचं तर खायचा सोडा थाळीत पसरून १२० ते १५० अंशांवर तासभर भाजा, मग त्यातला १ ग्रॅम ४ ग्रॅम पाण्यात विरघळवा. भाजलेला सोडा साध्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो, हाताला लावू नका. पापडखार त्याच जातीचा असला तरी पुडीगणिक त्याची शक्ती बदलते, इथे तो वापरू नये. क्षार जास्त झाला तर केक काळपट होतो आणि साबणासारखी चव येते. कमी झाला तर फिकट राहतो, पण खाण्याजोगा असतो. शंका असेल तर कमीच घाला.

पाक, क्षाराचं पाणी आणि तेल आधी एकजीव घोटा, मग मैदा घालून चमच्याने मिसळा. मळायचं नाही. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो, पारी आखडते आणि नक्षी पुसली जाते. झाकून दोन तास ठेवा. सुरुवातीला हे पीठ हाताला चिकटतं म्हणून घाबरून मैदा वाढवणं ही नेहमीची चूक. दोन तासांनी ते आपोआप आवरतं. मग २० ग्रॅमच्या २० गोळ्या करा.

आता मोदकाचा हात कामाला येतो, फक्त उलटा. मोदकाची पारी आपण कळ्या पाडून वर ओढून घेतो. इथे गोळी तळहातावर चपटी करून सारण वर ठेवायचं आणि ते पालथं करून अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात हळूहळू फिरवत पारी खाली ढकलत न्यायची. पारी आणि सारण यांचा मऊपणा सारखा असेल तर ती एकसारखी सरकते. सारण कडक असेल तर ते पारीतून डोकावतं. आत हवा राहू देऊ नका. गोळा कोरड्या मैद्यात हलका घोळवा, जादा मैदा झटका, ५० ग्रॅमच्या दट्ट्याच्या साच्यात घाला आणि तीन सेकंद दाबून सोडा. साच्यात मैदा जास्त भरला तर नक्षीत पांढऱ्या रेघा राहतात.

भट्टी वरून-खालून २०० अंशांवर तापवा. केकवर पाण्याचा बारीक फवारा मारा, नाहीतर वरचा कोरडा मैदा तडकतो. पाच मिनिटं भाजा, नक्षी पक्की झाली की बाहेर काढा आणि पाच मिनिटं निवू द्या. एक बलक आणि एक चमचा पांढरं फेटून गाळून घ्या. मऊ ब्रश त्यात बुडवा, वाटीच्या कडेला निपटा आणि फक्त उंचवट्यांवर फिरवा. अंडं दरीत साचलं की नक्षी बुजली. अंडं न खाणाऱ्यांसाठी दुधात चार थेंब मध घालून लावा, चकाकी कमी येते पण रंग येतो. मग १७५ अंशांवर १२ ते १५ मिनिटं.

भट्टीतून काढल्यावर केकची कड बाहेरच्या बाजूला ढोलासारखी फुगलेली दिसली, तर एकतर सारण ओलं होतं किंवा केक जास्त वेळ भाजला गेला. खाली पसरून पायासारखी कड निघाली तर पारीत पाक किंवा तेल जास्त झालं. वर भेगा पडल्या तर हवा अडकली होती किंवा फवारा राहिला. नक्षी पाच मिनिटांच्या पहिल्या भाजणीतच पसरली तर भट्टी पुरेशी तापली नव्हती. घरगुती भट्ट्यांचे आकडे फसवे असतात. आधी दोनच केक भाजून बघा.

गार झालेला केक खुटखुटीत कडक लागतो. इथे अनेकजण निराश होतात, पण हे असंच असतं. पूर्ण गार करून हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. सारणातलं तेल पारीत उतरतं आणि ती मऊ, तकतकीत होते. चिनी भाषेत याला ‘तेल परतणं’ म्हणतात. म्हणून २६ ला मैफल असेल तर भाजायचं २३ ला. तीन दिवसांनंतरही केक कडकच राहिला तर पाक जास्त आटला होता किंवा भाजणी लांबली. आपल्या दमट हवेत हे केक बाहेर चार दिवस ठेवा, नंतर फ्रिजमध्ये.

बोबिंग: सहा फासे आणि ६३ बक्षिसं

शियामेनमध्ये सणाच्या दिवसांत घराघरांतून, हॉटेलांतून, कचेऱ्यांतून चिनीमातीच्या वाडग्यात फासे खणखणतात. सतराव्या शतकात चेंग छेंगकुंग या सेनापतीच्या सैनिकांना घराची आठवण येऊ नये म्हणून हा खेळ निघाला, असं सांगतात. तैवानमधून १६६२ मध्ये डचांना हुसकावून लावणारा तो हाच. खेळाचा सांगाडा राजेशाही काळातल्या सरकारी परीक्षांचा आहे, म्हणजे सहा पायऱ्या आणि सर्वांत वर एकच अव्वल विद्वान, ‘च्वांगयुआन’.

चिनी फाशावर १ आणि ४ हे अंक लाल असतात, आणि या खेळात लाल ४ ला सगळा भाव. आपल्याकडचे सापशिडीचे फासे चालतील, फक्त सहाही एकाच आकाराचे घ्या आणि ४ चे ठिपके नखपॉलिशने लाल करा. वाडगा चिनीमातीचाच हवा, २० ते २२ सेंटिमीटर व्यासाचा आणि खोलगट. स्टीलच्या भांड्यातून फासे उडून बाहेर पडतात, परातीत ते फिरतच नाहीत. वाडग्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा.

सगळे गोल बसतात, एकेकजण सहाही फासे एकदम टाकतो. काय पडलं की कोणत्या पायरीचं एक बक्षीस मिळतं आणि त्या पायरीची एकूण बक्षिसं किती, ते असं:

- एक ४ पडला: ‘यीशिऊ’, ३२ बक्षिसं
- दोन ४ पडले: ‘अरच्यू’, १६ बक्षिसं
- ४ सोडून दुसरा कोणताही अंक चार फाशांवर: ‘सजिन’, ८ बक्षिसं
- तीन ४ पडले: ‘सानहोंग’, ४ बक्षिसं
- १ ते ६ ओळीने सगळे: ‘दुईथांग’, २ बक्षिसं
- चार ४, किंवा कोणताही अंक पाच किंवा सहा फाशांवर: ‘च्वांगयुआन’, १ बक्षीस

एखाद्या पायरीची बक्षिसं संपली की तो डाव पडूनही हाती काही लागत नाही. फासा वाडग्याबाहेर पडला तर ती फेक बाद. च्वांगयुआन मात्र शेवटपर्यंत कोणाचा पक्का होत नाही. एकाला चार ४ पडले आणि मागाहून दुसऱ्याला त्याहून वरचं दान पडलं, तर बक्षीस त्याच्याकडे सरकतं. बाकीची ६२ बक्षिसं संपतील तेव्हा ज्याच्याकडे असेल तो खरा.

च्वांगयुआनमधला चढता क्रम घरोघरी थोडा वेगळा असतो. सुरुवातीला हा धरा: चार ४, मग कोणताही दुसरा अंक पाच वेळा, मग पाच ४, मग दुसरा अंक सहा वेळा, मग सहा ४, आणि सर्वांत वर चार ४ व दोन १. शेवटच्या दानाला ‘सोन्याचं फूल खोचलेला च्वांगयुआन’ म्हणतात. दोघांनाही नुसते चार ४ पडले तर उरलेल्या दोन फाशांची बेरीज ज्याची जास्त तो वरचढ. चार सारख्या अंकांसोबत एक ४ पडला तर सजिनबरोबर यीशिऊही द्यायचं का, हेही आधीच ठरवा. हे नियम मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावा. ऐन खेळात नियम ठरवायला घेतले तर वाद होतात, आणि ते बक्षिसापेक्षा मोठे होतात.

वेळेचा हिशोब महत्त्वाचा आहे. साधारण तीनपैकी एक फेक रिकामी जाते. दुईथांग सरासरी ६५ फेकांत एकदा, च्वांगयुआन ८३ फेकांत एकदा पडतो. पण खेळ खरा अडतो तो सजिनपाशी. ते २५ फेकांत एकदा पडतं आणि बक्षिसं आठ, म्हणजे २०० फेका. एका फेकीला पंधरा सेकंद धरले तरी ५० मिनिटं झाली. पूर्ण संचाला तास ते सव्वा तास काढून ठेवा. माणसं पाच-सहाच असतील किंवा लहान मुलं असतील तर अर्धा संच लावा: १६, ८, ४, २, १, १, मिळून ३२ बक्षिसं. रस जातो तो खेळ लांबल्यामुळे, बक्षिसं कमी असल्यामुळे नाही.

बक्षिसं पूर्वी ६३ लहानमोठे केक असत. आता शियामेनमध्ये साबण, टूथपेस्ट, टॉवेल, तेलाच्या बाटल्या, अगदी भात शिजवायचा कुकरसुद्धा ठेवतात. उपयोगाच्या वस्तू ही चांगली रीत आहे, ती तशीच ठेवा. खरेदीचा एक सोपा ठोकताळा असा की प्रत्येक पायरीवर एकूण खर्च साधारण सारखा ठेवायचा. २० रुपयांच्या ३२ वस्तू (साबणवडी, बिस्किटपुडा), ५० च्या १६, १०० च्या ८, २०० च्या ४, ४०० च्या २ आणि १००० चं एक. सगळे मिळून ४८४० रुपये. घरच्या वीस केकपैकी आठ सजिनला लावा, दहा ताटात, दोन फुटतील म्हणून धरा.

घड्याळ, छत्री आणि पेर मात्र बक्षिसांत नको. चिनी भाषेत घड्याळ देणं हे अखेरचा निरोप देण्यासारखं ऐकू येतं, छत्रीचा उच्चार पांगण्याच्या जवळ जातो, आणि पेर कापून वाटणं म्हणजे ताटातूट. एकत्र येण्याच्या सणाला हे जपतात. पाहुण्यांत चिनी माणसं असतील तर हे नक्की लक्षात येतं.

जेवण

अळकुड्या आणि पपनस एवढं असलं की ताट सणाचं झालं. लहान अळकुड्या सालीसकट २५-३० मिनिटं वाफवा आणि मीठ किंवा साखरेबरोबर तशाच मांडा, ज्याने त्याने सोलून खायच्या. कच्च्या सोलल्या तर हाताला खाज सुटते, शिजल्यावर नाही.

मुख्य जेवणाला फुजियानचा अळकुडीचा भात पुरेसा आहे. आठ-नऊ जणांना तांदूळ ७०० ग्रॅम, अळकुड्या ५०० ग्रॅम, सुके शिताके मशरूम ८, सोडे ४० ग्रॅम, सांबारचे छोटे कांदे १५, सोया सॉस ३ मोठे चमचे, पांढऱ्या मिरीची पूड १ लहान चमचा. मशरूम अर्धा तास भिजवून कापा, पाणी ठेवून द्या. कांदे पातळ चिरून पाच चमचे तेलात सोनेरी तळून काढा. त्याच तेलात अळकुडीचे तुकडे कडा कुरकुरीत होईपर्यंत परता. हे टाळलं तर चिकटपणा सुटून भात गिच्च होतो. मग मशरूम, धुतलेले सोडे, सोया सॉस, मिरी आणि निथळलेले तांदूळ घालून दोन मिनिटं परता. मशरूमच्या पाण्यासकट तांदळाच्या मापाला सव्वापट पाणी घालून नेहमीसारखा शिजवा, तळलेला कांदा वरून घाला. सोया सॉस खारट असतो, मीठ शेवटी चाखूनच. शाकाहारी पंगतीत सोड्यांऐवजी भाजलेले शेंगदाणे. सोबत एखादी पालेभाजी लसणावर परतून.

पपनस कोकणात गणपतीच्या सुमारास येतो, बाजारात तेव्हाच हेरून ठेवा. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. फुजियानमधलं फिंगह हे या फळाचं गाव, आणि पपनसाच्या चिनी नावाचा उच्चार ‘आशीर्वाद’ या अर्थाच्या शब्दासारखा असल्याने तो या रात्री असतोच. वरची टोपी कापा, सालीवर सहा-आठ उभ्या रेघा मारा पण तळापर्यंत जाऊ नका, आणि साल पाकळ्यांसारखी उलगडून गर काढा. उरलेल्या सालीच्या वाटीला भोकं पाडून, दोरी बांधून, आत बॅटरीचा छोटा दिवा ठेवला की मुलांचा कंदील होतो. खरी मेणबत्ती ठेवायची असेल तर मोठ्या माणसाच्या हातातच द्या, कारण सालीतल्या तेलाला आग लागते.

चहा आणि चंद्राचं टेबल

मूनकेक फार गोड आणि तेलकट असतो. त्याच्यासोबत दुधाचा चहा बसत नाही. फुजियानच्याच आनशी भागातला तिएगुआनयिन नावाचा ऊलोंग चहा आणा. झाकणाच्या १२० मिलिलिटरच्या कपात ७ ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी, पहिलं पाणी ओतून टाका, मग २० सेकंदांत गाळा, पुढच्या प्रत्येक वेळी थोडा वेळ वाढवा. सहा-सात वेळा चव देतो. दहा जणांना असं पुरवत बसलात तर यजमान खेळाला मुकतो. मोठ्या किटलीत लिटरला १० ग्रॅम पत्ती घालून चार मिनिटांनी गाळून घ्या. पत्ती पाण्यात राहिली की चहा तुरट होतो, म्हणून गाळणं विसरू नका.

गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून छोटं टेबल लावा. त्यावर मूनकेक, पपनस, अळकुड्या, चहाचे कप आणि हवी असेल तर उदबत्ती. चंद्रावर राहणाऱ्या छांग-अ या देवीची आणि तिच्या सशाची गोष्ट मुलांना इथेच सांगा. आपल्याला कोजागरीचं आटीव दूध चांदण्यात ठेवायची सवय आहे, त्यामुळे हे मांडायला कोणाला शिकवावं लागत नाही. थोड्या वेळाने टेबलावरचेच केक कापायचे. पन्नास ग्रॅमच्या केकचे चार तुकडे, एकाला दोन तुकडे पुष्कळ झाले. अख्खा केक हातात दिला तर तो अर्धा टाकला जातो. सुरी प्रत्येक वेळी पुसा, नाहीतर मुगाचं सारण पारीला माखतं.

पाहुण्यांना साडेसहाला बोलवा आणि सातला ताटं वाढा. पावणेआठला गच्चीवर चंद्र, चहा आणि केक. साडेआठला वाडगा मध्ये ठेवा. तोपर्यंत हातातलं काम संपलेलं असेल, आणि यजमानही पहिल्या फेरीपासून फासे टाकायला मोकळा असेल. खेळ पावणेदहाच्या आसपास आटोपतो. तेव्हा च्वांगयुआनला त्याचं बक्षीस द्या आणि सगळ्यांना घेऊन पुन्हा गच्चीवर जा. २६ तारखेला चंद्र पूर्ण व्हायला त्या वेळी जेमतेम अर्धा तास उरलेला असेल.